अकरावा आठवडा: ७९.८ आणि एक गद्दार एकादशी

मंडळी, आज सकाळी काटा ७९.८ वर. सुरुवात ८४.६ ला होती. (वजन नेहमीप्रमाणे चहाच्या आधी, चष्मा काढून. चष्म्याचा भार मी का सोसू?)

मधे शुक्रवारी हाच काटा ८०.९ म्हणाला. गुरुवारी एकादशी होती आणि दुप्पट खाशी हे मी शब्दशः पाळलं. नंतर हिशेब मांडला: एका बशीत कोरडा साबुदाणा ७५ ग्रॅम, म्हणजे २६० कॅलरी. दाण्याचं कूट ३० ग्रॅम, १७० कॅलरी. आईने सोडलेलं तूप आणि अर्धा बटाटा धरून सगळं सहाशेच्या घरात. अशा दोन बशा! एरवीच्या दोन छोट्या भाकऱ्या आणि मटकीची उसळ पाचशेच्या आतबाहेर जाते. थोडक्यात, उपास सोडला तर मी बारीक होईन. घाबरलो मात्र नाही. किलोभर चरबी चढायला सात हजारांवर कॅलरी लागतात. ते नुसतं मीठ-पिठाने धरलेलं पाणी होतं. रविवारपर्यंत ओसरलं.

या आठवड्याचा खरा शोध तेलाचा. फोडणीच्या आधी आणि नंतर बुधली वजनकाट्यावर ठेवून पाहिली. तिघांच्या भेंडीत ३८ ग्रॅम! ग्रॅमला ९ कॅलरी, करा गुणाकार. आणि मी आजवर बिचाऱ्या भाताला दोष देत होतो. आता बुधलीलाच दोऱ्याने चमचा बांधलाय, भाजीला दोन चमचे, बस्स. पहिल्या दिवशी भेंडीचा लगदा झाला, लेकीने ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी भेंडी धुऊन कोरडी पुसली, झाकण ठेवलं नाही, दोन आमसुलं टाकली आणि मीठ अगदी शेवटी. जमली! ताट चाटून पुसून.

व्यायाम: पर्वतीच्या १०३ पायऱ्या, रोज चार फेऱ्या. सत्तरीतले एक आजोबा अजूनही मला मागे टाकून "या हळूहळू" म्हणतात. त्यांच्याकडे नंतर बघू.

काल पॅन्ट कमरेत आत घ्यायला टेलरकडे दिली. गेल्या दिवाळीत यांनीच ती सोडून दिली होती. टेप लावून माझ्याकडे बघत म्हणाले, "घेतो, पण कापड कापत नाही हं. आतच ठेवतो."