लुक्काच्या तटावरून

गडाचा तट बघायचा म्हणजे घाम गाळायचा, ही आपली सवय. इटलीतल्या लुक्कात आज चक्क सायकल भाड्याने घेऊन शहराच्या तटावर चढलो! सुमारे ४.२ किलोमीटरचा अखंड वेढा, वर रुंद रस्ता, दुतर्फा झाडं, बाबागाड्या ढकलणारे आजी-आजोबा. सोळाव्या-सतराव्या शतकात तोफांना तोंड द्यायला बांधलेला हा कोट, पण शत्रूने कधी हल्ला केलाच नाही. कामी आला तो १८१२ मध्ये, सेर्क्यो नदीच्या पुरात. वेशी बंद करून लोकांनी पाणी बाहेरच थोपवलं. तेव्हाची राज्यकर्ती, नेपोलियनची बहीण एलिसा, बाहेर अडकली होती. तिला म्हणे दोर बांधून तटावरून आत घेतलं. (ही गोष्ट खरी असावी अशी माझी फार इच्छा आहे.)

ग्विनीजी मनोऱ्याच्या माथ्यावर ओकची झाडं आहेत, खरीखुरी! पायऱ्या चढून गुडघे बोलायला लागले, पण वरून लाल कौलांमध्ये जुन्या रोमन रंगमंडलाचा लंबगोल स्पष्ट दिसतो. ऑपेरा-संगीतकार पुच्चीनीचं जन्मघर फोटोपुरतं पाहिलं. बडीशेपेच्या वासाचा, मनुके घातलेला बुचेल्लातो पाव मात्र दोनदा घेतला. उद्या पिसाला जायचंय, पण आमच्यातले निम्मे इथेच राहू म्हणतायत.