आमची वाटचाल : आधी तोला, मग बोला

जळगावला सुवर्णनगरी म्हणतात. आमची तालुक्याच्या गावातली पेढी मात्र उभी राहिली चांदीवर. कापसाचा पैसा हातात आला की कडी-तोडे घेणारं गिऱ्हाईक, धनत्रयोदशीला पूजेचं नाणं नेणारं गिऱ्हाईक, आणि वर्षभर फडक्यात बांधून जुने रुपये आणणारं गिऱ्हाईक. हे तिसरं गिऱ्हाईक काउंटरवर गाठोडं सोडतं आणि विचारतं, ‘‘भाऊ, हाई खरं शे का?’’ या एका प्रश्नाचं उत्तर गिऱ्हाइकाला घरूनच मिळवून यायला शिकवायचं, हे आमच्या धंद्याचं धोरण झालं. घरी तोलून आलेल्या माणसाशी भावाची घासाघीस होत नाही आणि तो पुन्हा आपल्याकडेच येतो.

सुरुवातीला पेढीवर दोनच साधनं होती, तराजू आणि कसोटीचा दगड. आजही पहिलं काम वजनाचंच. कलदार, म्हणजे इंग्रजी अमलात यंत्रावर पाडलेला, रुपया 180 ग्रेनचा, म्हणजे 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. सराफात आता 10 ग्रॅमला तोळा म्हणायची सवय पडली आहे, त्यामुळे पुष्कळांचा इथेच घोळ होतो. आठ आणे 5.83 ग्रॅम, चार आणे 2.92 आणि दोन आणे 1.46. घरी 0.01 ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा हवा. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅमने पुढे सरकणारा काटा या कामाचा नाही. काटा सपाट फरशीवर ठेवा, पंखा बंद करा आणि सोबत आलेल्या प्रमाण वजनाने आधी तपासून घ्या. झिजलेला रुपया 11.3-11.4 भरला तर घाबरायचं कारण नाही, पिढ्यान्‌पिढ्या हाताळलेलं नाणं तेवढं झिजतं. पण चेहऱ्याचे केस न्‌ केस दिसताहेत आणि वजन 10 च्या खाली आहे, तर ते नाणं बाजूला काढा. वजन 11.66 पेक्षा बरंच जास्त आलं तरी संशय घ्या. फक्त माळेत ओवायला कडी डाखलेली, म्हणजे सांधलेली, नाही ना, एवढं आधी बघा.

मग साल बघायचं, कारण सगळे ‘राजाछाप’ सारखे नाहीत. 1835 पासून 1939 पर्यंतच्या कलदार रुपयात 91.7 टक्के चांदी असते. विल्यम, राणी व्हिक्टोरिया, एडवर्ड, पंचम जॉर्ज आणि सहाव्या जॉर्जचे सुरुवातीचे रुपये यात आले. अशा एका रुपयात निव्वळ चांदी सुमारे 10.69 ग्रॅम. युद्धकाळात टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, उतरला. 1940 ते 1945 च्या रुपयात चांदी निम्मीच, 40 टक्के तांबं, आणि निकेल व जस्त प्रत्येकी 5 टक्के. वजन तेच, चांदी मात्र 5.83 ग्रॅम. 1947 चा वाघाचा रुपया चक्क निकेलचा आहे, त्यात चांदीचा कणही नाही. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या नाण्यांतही हाच घोटाळा होतो. 1969 चं दहा रुपयांचं नाणं 15 ग्रॅमचं आणि 80 टक्के चांदीचं, पण त्याच मालिकेतला एक रुपया निकेलचा. लोक एक रुपया जपून ठेवतात आणि दहाचं नाणं मोडीच्या भावात देऊन बसतात.

निकेल ओळखायला लोहचुंबक पुरतो. जुन्या स्पीकरमधला किंवा बिघडलेल्या इअरफोनमधला चालेल. वाघाचा रुपया त्याला टपकन चिकटतो. चिकटला तर चांदी नाही, हे नक्की. चिकटला नाही म्हणून चांदीच, असं मात्र धरू नका. तांबं, पितळ, शिसं, जर्मन सिल्व्हर (तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण, नावापुरतंच सिल्व्हर) यांतलं काहीच चिकटत नाही, आणि खोटी नाणी बहुतेक याच धातूंची असतात.

नाणं वाजवून बघायची रीत जुनी आहे आणि चांगली आहे. रुपया बोटाच्या टोकावर तोलून धरा आणि दुसऱ्या नाण्याच्या कडेने हलकेच टिचकी द्या. खरा रुपया खणखणीत वाजतो आणि आवाज रेंगाळतो. शिशाचा बद्द वाजतो. पण इथे दोन ठिकाणी फसगत होते. जर्मन सिल्व्हरही बऱ्यापैकी वाजतं. उलट कडी डाखलेला, चीर गेलेला किंवा दोन नाण्यांत दाबून वाकलेला अस्सल रुपयाही बद्द वाजतो. सातपुड्याकडून, धडगाव-शहाद्याच्या भागातून येणाऱ्या रुपयांच्या माळा बहुतेक अशाच असतात. त्यांचा निकाल आवाजावर देणं म्हणजे माळ आणणाऱ्या बाईवर अन्याय आहे.

बर्फाची परीक्षा आम्ही सांगतो, पण जपून. चांदी उष्णता झपाट्याने वाहून नेते, म्हणून नाण्यावर ठेवलेला बर्फ लगेच पाणी सोडू लागतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 पर्यंत जातो तेव्हा बर्फ कशावरही वितळतो. सावलीत बसा, शेजारी स्टीलचं नाणं ठेवा, दोन्हींवर सारखे तुकडे ठेवा आणि फरक बघा. तांबं या बाबतीत चांदीच्या पाठोपाठ आहे, त्यामुळे मुलामा दिलेलं तांब्याचं नाणं या परीक्षेत सहज पास होतं.

घरातली सगळ्यात भरवशाची परीक्षा पाण्याची. आमच्या पेढीवर ती उशिरा आली, पण आता तिच्यावाचून आमचं पान हलत नाही. प्लास्टिकच्या हलक्या पेल्यात अर्ध्याहून थोडं जास्त पाणी घ्या, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. रुपयाला शिलाईचा पॉलिएस्टर दोरा बांधा. सुती दोरा नको, तो पाणी पितो. रुपया आधी दुसऱ्या पाण्यात बुडवून झटका, म्हणजे बुडबुडे धरणार नाहीत. मग दोरा हातात धरून तो पेल्यात पूर्ण बुडवा, तळाला आणि भिंतीला लागू देऊ नका. कोपर टेबलावर टेकवलं की हात थरथरत नाही. काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. येणारा भागाकार म्हणजे त्या धातूची घनता.

91.7 टक्क्यांच्या पूर्ण वजनाच्या रुपयाला काटा 1.13 च्या आसपास दाखवतो, भागाकार 10.3 येतो. युद्धकाळातल्या निम्म्या चांदीच्या रुपयाला 1.22, भागाकार साधारण 9.5. तेवढ्याच वजनाचं जर्मन सिल्व्हर असेल तर आकडा 1.35 च्या पुढे जातो आणि भागाकार 8.6 वर येतो. आकडा वाढून आला तर आधी बुडबुडे बघा, बहुतेक वेळा चूक तिथेच असते. खूपच मोठा आला तर नाणं तळाला टेकलेलं असतं. एकट्या दोन आण्याच्या नाण्यावर ही परीक्षा करू नका. त्याचा आकडा 0.14 येतो आणि काट्याची 0.01 ची चूकही भागाकार बिघडवते. एकाच जातीचे आठ-दहा एकत्र बांधा. शिसं आणि कथील ठरावीक प्रमाणात मिसळून 10.3 गाठता येतं, पण ते वाजत नाही आणि कोऱ्या कागदावर ओढलं की शिसपेन्सिलीसारखी रेघ उमटते.

रंगावरून घाईने ठरवू नका. 1943-44 च्या रुपयावर झिजलेल्या नाकावर, कडेवर तांबूस झाक दिसते आणि लोक ‘मुलामा उडाला’ म्हणून मिळेल त्या भावाला देऊन टाकतात. ते नाण्यातलंच तांबं आहे. पाण्यात 9.5 आलं की शंका मिटली.

एक कळकळीची विनंती आहे, चिंच, राख, पीतांबरी, टूथपेस्ट यांनी जुना रुपया घासू नका. काळी झाक ही चांदीवर हवेतल्या गंधकाने चढलेलं पुट आहे, त्याने धातूचं काही बिघडत नाही. घासलेल्या नाण्याकडे संग्राहक ढुंकूनही बघत नाही, मग उरतो फक्त मोडीचा भाव. नायट्रिक ॲसिडही घरात आणू नका. ते काम पेढीवर, कसोटीवर रेघ ओढून होतं. घरी त्याने बोटं आणि नाणं दोन्ही भाजतात.

रामदरबार, हनुमान किंवा ॐ छापलेलं, 1818 सालचं, ‘ईस्ट इंडिया कंपनी’चं नाणं घेऊन येणारे अजूनही भेटतात. कंपनीने देवादिकांची अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. ती पूजेसाठी नंतर केलेली आहेत. असलं नाणं तांदळाचे दाणे आपल्याकडे ओढतं, असं सांगून लाखो रुपये मागणारा माणूस फसवायलाच आलेला असतो, त्याला दारातूनच परत पाठवा.

आता पेढीवर एक्स-रे मशीन आहे, मिनिटाच्या आत टंच सांगतं. पण ते नाण्याचा वरचा अगदी पातळ थरच वाचतं. जाड मुलाम्याच्या नाण्याला ते बेधडक 99 दाखवतं. म्हणून मशीनचा आकडा आला तरी रुपया दोऱ्याला बांधून आमच्या पेल्यात बुडतोच, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर बुडतो. काट्यावर यंदाचा वैधमापनशास्त्र खात्याचा शिक्का आहे का, हेही अवश्य बघा. विचारल्याचा आम्हाला राग येत नाही.

माळ आणणाऱ्यांनी एवढं करा. कड्या घरी उपटू नका, रुपयाची कड फाटते. माळ आख्खी तोला, रुपये मोजा, प्रत्येकाचं साल कागदावर लिहा. 1939 पर्यंतचे एका रांगेत, 1940 पासूनचे दुसऱ्या रांगेत. डाखात पितळ असतं, त्यामुळे आटणीत थोडी घट येणारच. ती किती हे आटवण्याआधी तोंडी नाही, पावतीवर लिहून मागा.