धरून की सोडून?

मागच्या मंगळवारी दुपारी, चहाचा दुसरा कप हातात घेऊन, मी मिनीबस भाड्याने देणाऱ्या एका गृहस्थांशी फोनवर बोलत होते. भाचीच्या लग्नाआधीच्या हेन्स पार्टीसाठी आम्हा बायकांना मेलबर्नहून यारा व्हॅलीतल्या वायनरी पाहायला जायचे आहे आणि त्या सहलीची सगळी जुळवाजुळव माझ्या गळ्यात पडली आहे. आम्ही बारा जणी आहोत, तेव्हा बारा आसनांची गाडी हवी, असे मी ठामपणे सांगितले. ते गृहस्थ क्षणभर थांबले आणि त्यांनी विचारले, "बारा म्हणजे चालवणारी धरून की सोडून?"

मी समोरची यादी पाहिली. नावे बाराच होती. त्यांत माझे नाव नव्हते, आणि गाडी तर मीच चालवणार होते.

व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या या राज्यात, मोटारीच्या साध्या परवान्यावर बारा आसनांपर्यंतची गाडी चालवता येते, पण त्या बारांत चालकाचे आसनही धरलेले असते. मी फारशी पीत नसल्यामुळे चालकाचा खर्च वाचवावा, असा माझा काटकसरी बेत होता. तो त्या एका प्रश्नाने निकालात निघाला. परवान्याचा नियम मला पाठ होता, रक्तातल्या मद्याची ०.०५ टक्के ही मर्यादा पाठ होती, यादीतल्या ज्या दोघी अजून पी-प्लेटवर, म्हणजे नवख्या चालकाच्या परवान्यावर, आहेत त्यांना शून्यच चालते हेही ठाऊक होते. स्वतःला मोजायचे तेवढे राहिले होते.

वास्तविक हे काम नवरीच्या जिवलग मैत्रिणीचे असते. ही मैत्रीण परिचारिका आहे, तिला महिनाभर रात्रपाळी लागली, आणि बाकीच्या मुली एकमुखाने म्हणाल्या, "मावशी, तू किती नीट करतेस सगळं!" हे वाक्य ज्या बाईने आयुष्यात एकदा ऐकले, तिची कामातून कधी सुटका झाली नाही. लग्नाआधी नवऱ्या मुलाचे मित्र करतात ती बक्स पार्टी आणि नवरीच्या मैत्रिणी करतात ती हेन्स पार्टी, हे इथे येऊन मला वीस वर्षांपूर्वीच समजले होते. तरी कोंबड्या म्हणवून घेण्यात एवढा आनंद कसला, ही माझी शंका अजून फिटलेली नाही.

या शब्दाने एक अडचणही उभी केली. सेलर डोअरवर, म्हणजे मळ्याच्या मालकीच्या त्या चवीच्या दालनात, मोठ्या गटाला आधी नोंदणी करावी लागते, आणि अर्जात येण्याचे निमित्त विचारलेले असते. तिथे 'हेन्स' लिहिले की पलीकडचा सूर बदलतो. एका ठिकाणी मला अतिशय गोड शब्दांत नकार मिळाला. दुसरीकडे खांद्यावरचे पट्टे, चमचमते मुकुट आणि आरडाओरडा चालणार नाही, असे लेखी कळवण्यात आले. भाचीची एक मैत्रीण म्हणाली, "वाढदिवस लिहून टाक ना." मी लिहिले नाही. खोटे बोलायला माझी तात्त्विक हरकत आहे असे नव्हे, पण बसमधून तेरा बायका हसत खिदळत उतरल्यावर तो वाढदिवस किती वेळ टिकला असता? शिवाय त्यांचेही बरोबरच आहे. झिंगलेल्या माणसाला मद्य देणे हा इथे कायद्याने गुन्हा आहे, आणि गल्ल्यामागे उभ्या असलेल्या पोरीला तेवढ्यासाठी वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. तिचे डोळे आम्ही दारातून आत येत असतानाच आमच्या पावलांकडे लागणार.

म्हणून मी हिशेब मांडला. चवीसाठी ओततात ते साधारण ३० मिलिलिटर, आणि एका ठिकाणी पाच वाइन धरल्या तर १५० झाले. इथे एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम मद्यार्क, आणि १३ टक्क्यांच्या वाइनच्या १०० मिलिलिटरमध्ये तो जवळजवळ तेवढाच असतो. म्हणजे प्रत्येक ठिकाणी दीड ड्रिंक पोटात जाते. मुलींना चार वायनरी हव्या होत्या. चारांचे सहा, जेवणाबरोबरच्या एका पेल्याचे आणखी दीड, आणि हे सारे सकाळी दहा ते संध्याकाळी पाचच्या आत. मी चाराच्या तीन केल्या, जेवण शेवटी होते ते मध्ये आणले आणि निघण्यापूर्वी पोटभर नाश्ता सक्तीचा केला. 'सक्तीचा' हा शब्द पाहून ग्रुपवर कोणीतरी एक हसरा चेहरा टाकला. तो शब्द मी तसाच ठेवला आहे.

जाणकार म्हणतील की हा हिशेबच चुकीचा आहे, कारण चव घेतलेली वाइन गिळायची नसते, थुंकायची असते. त्यासाठी टेबलावर एक भांडे ठेवलेले असते. मराठीत त्याला पिकदाणी म्हणण्यावाचून इलाज नाही, आणि तसे म्हटल्याबरोबर त्या दालनाची सगळी शान उतरते. मागच्या महिन्यात मी नवऱ्याला चालक करून एका ठिकाणी पाहणीला गेले होते. शेजारच्या एका बाईने पेला नाकाशी नेला, एक घोट तोंडात घोळवला, थुंकला आणि उरलेली सुंदर माणकासारखी पिनो न्वार तुळशीला पाणी घालावे तितक्या सहजपणे त्या काळ्या भांड्यात ओतून टाकली. माझ्या पोटात कालवले. पानात टाकायचे नाही, या एका वाक्यावर आमचे सगळे बालपण गेले आहे. कारल्याची भाजीसुद्धा आम्ही डोळे मिटून संपवलेली आहे. मी माझे पाचही पेले तळापर्यंत संपवले. पाचवी वाइन कोणती होती, ते मला आठवत नाही. यादीत मी तिच्यापुढे 'छान' असे लिहिले आहे.

भाचीला वेलींच्या ओळींमधून चालतानाचे फोटो हवे आहेत, आणि तेही मला नाकारावे लागले. फायलॉक्सेरा नावाचा एक बारीक कीटक वेलींची मुळे पोखरतो, आणि तो एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात बुटांना, चाकांना चिकटलेल्या मातीबरोबर जातो. यारा व्हॅलीत १८३८ साली पहिल्या वेली लावल्या गेल्या, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली वाइन मागे पडून गाईंची कुरणे वाढली, १९६०च्या दशकात पुन्हा वेली आल्या, आणि एवढ्या उलाढालीतून टिकलेल्या त्या खोऱ्यात २००६ साली हा कीटक सापडला. तेव्हापासून पाहुण्यांनी वाटेवरच राहावे, असा दंडक आहे. "फोटो ओसरीवर काढू," असे मी कळवले. सेलर डोअरला ओसरी म्हणणारी मी एकटीच असेन.

तर त्या दिवशी फोन ठेवल्यावर 'धरून की सोडून' हे माझ्या डोक्यातून जाईना. पाहिले तर माझ्या साऱ्या यादीला हाच प्रश्न चिकटलेला होता. वर्गणी काढायची तर नवरीला सोडून, कारण तिचा वाटा इतर जणी उचलतात. चवीचे पैसे एका गरोदर मुलीला सोडून, पण जेवणात मात्र तिला धरून. जेवणाच्या दरात पहिला पेला धरलेला, दुसरा सोडलेला.

आणि मला आमची अष्टविनायकाची सहल आठवली. आळीतल्या एका काकांनी एसटीची बस ठरवली होती आणि पुढे 'प्रासंगिक करार' अशी पाटी लावलेली होती, जिचा अर्थ मला कोणीही सांगू शकले नव्हते. काकांच्या खिशात चतकोर वही होती आणि दर मुक्कामाला ते पेन्सिलीने खुणा करत डोकी मोजत. मी सहा वर्षांची होते. मांडीवरची मुले मोजायची नाहीत, असा त्यांचा नियम होता. त्यामुळे पुण्यापासून सगळे गणपती मी माझ्या बहिणीच्या मांडीवर बसून केले. ताई तेव्हा चौदा वर्षांची होती. मोरगावला देवळाबाहेर पुरीभाजीच्या पुड्या वाटल्या, त्या वहीतल्या आकड्याइतक्याच होत्या. ताईने आपली पुडी उघडली. वर्तमानपत्राला तेल सुटले होते आणि बटाट्याच्या पिवळ्या भाजीवर छापील अक्षरे उलटी उमटली होती. तिने चारांतल्या दोन पुऱ्या माझ्या हातावर ठेवल्या, भाजीचा मोठा वाटाही मलाच दिला, आणि वहीकडे पाहत हळूच म्हणाली, "तू नाहीसच. तेव्हा पटकन खा."

नवरी मुलगी या ताईची. लग्नाच्या तीन आठवडे आधी ताई पुण्याहून यायची आहे. हेन्स पार्टीला इथे आयाही जातात, पण बारा नावांच्या यादीत तिचे नाव नव्हते. आईला हे आवडेल की नाही, असा भाचीला संकोच वाटत होता, आणि मलाही विचारायचे सुचले नव्हते. ताई आयुष्यात वाइनच्या वाटेला गेलेली नाही.

मंगळवारी रात्री तिचाच फोन आला. विमानात किती लोणचे चालते, हे विचारून झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही सगळ्या कुठं द्राक्षं बघायला जाणार आहात म्हणे. मी आले तर चालेल का गं? मी काही घेणार नाही, नुसती बसेन. मला मोजू नका हवं तर."

मला काही बोलताच येईना, म्हणून मी तिला गुडघ्यांच्या गोळ्या आणायची आठवण केली.

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांना पुन्हा फोन करून चालकासह वीस आसनांची बस सांगितली. यादीत सगळ्यांत वर ताईचे नाव घातले आणि शेवटी माझे. चौदा झाल्या. जेवणाच्या ठिकाणी मात्र अजून बाराच कळवलेले आहे, आणि ते लोक सोमवारी फोन उचलत नाहीत.