समुद्रकाठी पक्षी बघायचे तर आधी भरतीची वेळ बघा

जंगलात पक्षी बघणारी माणसं पहाटेचा अलार्म लावतात आणि तीच सवय घेऊन किनाऱ्यावर येतात, पण नेमकी तेव्हा ओहोटी असली तर पाणी पार लांब गेलेलं असतं आणि चिखलात नुसते ठिपके हलताना दिसतात, बायनॉक्युलर लावूनही पायाचा रंग कळत नाही. इथे सूर्यापेक्षा भरतीला मान. दोन भरत्यांमध्ये बहुतेक किनाऱ्यांवर १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कॅम्पिंगचा खरा फायदा हाच, तंबू तिथेच असल्यामुळे वेळ कुठलीही असो आपण हजर.

भरतीच्या दोनेक तास आधी सूर्य पाठीशी ठेवून बसायचं आणि मग अजिबात हलायचं नाही. पाणी चढतं तसे पक्षी आपोआप आपल्याकडे सरकत येतात. माझा सगळ्यात लाडका सँडरलिंग, लाट मागे फिरली की तिच्या मागे धावतो, ओल्या वाळूत भराभर चोच खुपसतो आणि पुढची लाट यायच्या आत परत पळतो, जवळ आला तर पाय नीट बघा, मागचं बोटच नाहीये! चिखल्या म्हणजे प्लोव्हर, त्याची तऱ्हा वेगळी, तो डोळ्यांनी शिकार करतो त्यामुळे चार पावलं धावणार, थांबणार, बघणार, मग टोचणार, कधीकधी एक पाय ओल्या वाळूवर थरथरवतो म्हणजे खालचे किडे हलतात. पाणटिवळ्याला (गॉडविटला) मात्र बघायची गरजच नाही, लांब चोच चिखलात घालून स्पर्शाने भक्ष्य शोधतो आणि आतल्या आत चोचीचं फक्त टोक उघडून पकडतो.

याच पाणटिवळ्यांतल्या पट्टेरी शेपटीच्या जातीचं एक पिल्लू, जेमतेम पाच महिन्यांचं, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अलास्काहून निघालं ते ११ दिवस कुठेही न उतरता थेट टास्मानियाला पोचलं, सुमारे १३,५६० किलोमीटर! हे सगळं अंगातल्या चरबीवर. म्हणून पूर्ण भरतीला जो थवा एका पायावर उभा राहून डुलक्या घेत असतो त्याला फोटोसाठी उडवू नका, प्लीज. एकेका उडण्यात त्यांनी साठवलेली ताकद जाते. सगळ्यांनी माना वर केल्या की समजायचं आपण फार जवळ आलो, तिथूनच मागे फिरायचं. कुत्रा बरोबर असेल तर बांधून ठेवा, आणि ड्रोन तर नकोच.

तंबू लावताना वाहून आलेल्या काटक्या-शेवाळाची जी रेघ दिसते तिच्या बरंच वर लावा, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा पाणी त्या रेघेच्याही वर येऊ शकतं. पण विणीच्या दिवसांत मोकळी कोरडी वाळूही आधी नीट तपासा, चिखल्याचं घरटं म्हणजे वाळूत एक खळगा, अंडीही वाळूच्याच रंगाची. एखादा चिखल्या पंख मोडल्यासारखा फरफटत समोरून जायला लागला तर तो जखमी असेलच असं नाही, बहुतेक वेळा घरटं किंवा पिल्लं जवळ असतात आणि तो आपल्याला लांब नेत असतो, अशा वेळी आल्या पावलावर पाय ठेवत परत जायचं.

मी आता कॅम्पची तारीखच टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, बघून ठरवते, सकाळी आठच्या सुमारास भरती येईल अशी. म्हणजे कोवळं ऊन आणि चढतं पाणी दोन्ही एकदमच मिळतात.