सनद महाराष्ट्रात आणताना: माझा अनुभव

लग्नानंतर पुण्यात आले तेव्हा माझी वकिलीची सनद माहेरच्या राज्यातल्या बार कौन्सिलची (वकिलांची नोंदणी करणाऱ्या संस्थेची) होती. तसं ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम 30 हे 15 जून 2011 पासून लागू आहे आणि परराज्यातल्या वकिलालाही देशभर वकिली करता येते. मात्र हायकोर्टांचे स्वतःचे नियम असतात. अलाहाबादला बाहेरच्या वकिलाला तिथल्या रोलवरच्या (वकिलांच्या नोंदयादीतल्या) वकिलासोबतच वकीलपत्र दाखल करावं लागतं आणि सुप्रीम कोर्टाने तो नियम 2016 मध्ये वैध ठरवला. मला पुण्यातच कायम काम करायचं होतं. बार कौन्सिलच्या निवडणुकीत मत द्यायचं, इथल्या वकील कल्याण निधीत यायचं, तर नाव महाराष्ट्र आणि गोव्याच्या रोलवरच हवं.

त्यासाठी कलम 18 आहे. अर्ज बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे करायचा. कोणतीही फी न घेता नाव एका रोलवरून काढून दुसऱ्या रोलवर चढवावं, असं कायद्यातच लिहिलंय.

आणि नेमकं तिथेच माझं घोडं अडलं. जुन्या राज्याच्या कौन्सिलकडून ना हरकत दाखला आणि शिस्तभंगाची कारवाई प्रलंबित नसल्याचं पत्र हवं होतं. खिडकीवर ट्रान्सफर फी मागितली, मी सनद घेताना भरलेल्या रकमेच्या कितीतरी पट. मी कलम दाखवलं. "मॅडम, सगळेच भरतात." कोणत्या नियमाखाली, विचारलं तर उत्तर नाही. ठरावाची प्रत मागितली, तीही नाही. फाइल आतल्या टेबलावर गेली म्हणायचे, आतलं टेबल म्हणायचं साहेब रजेवर आहेत. इकडे सीनियर विचारत होते, इथला नोंदणी नंबर कधी मिळतोय. पैसे टाकून मोकळं व्हावं असं मनात येत होतं, पण जो पैसा कायदा मागत नाही तो वकिलानेच निमूट भरायचा, हे मला मान्य नव्हतं.

शेवटी लेखी अर्ज दिला: फीचा आधार असलेला नियम आणि रकमेची मागणी दोन्ही लेखी द्या, नाहीतर दाखला द्या. सोबत सुप्रीम कोर्टाचा 30 जुलै 2024 चा गौरव कुमार निकाल जोडला. तो नव्या सनदेबद्दल आहे. खुल्या प्रवर्गासाठी 750 आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 125 रुपये कायद्यात आहेत, मुद्रांक शुल्क सोडून त्यावर नोंदणीसाठी काही घेता येणार नाही, असं कोर्टाने सांगितलं. कायद्याने ठरवल्यापलीकडे कौन्सिलला वसुलीचा अधिकार नाही, हे तत्त्व मला हवं होतं. माहितीच्या अधिकारातही तेच प्रश्न टाकले. लेखी मागणी कधीच आली नाही, दाखला आला. ते पाकीट फोडताना झालेला आनंद सनद मिळाली त्या दिवसापेक्षा कमी नव्हता.

पुढे दिल्लीत बार कौन्सिल ऑफ इंडियाचं आणि मुंबईत महाराष्ट्र-गोवा कौन्सिलचं काम रीतसर झालं. ज्येष्ठताही जुन्या नोंदणीपासूनच धरतात, कलम 18(2) तेच सांगतं, त्यामुळे ती बुडेल म्हणून घाबरू नका.

हो, प्रत्येक कागदावर आवक क्रमांकासह पोच घ्या. माझं सगळं त्या पोचेवरच तरलं. बदली होईपर्यंत वकीलपत्रावर जुनाच नंबर लिहायचा. एमएएचने (महाराष्ट्राच्या इंग्रजी आद्याक्षरांनी) सुरू होणारा नवा नंबर हातात आला की शिक्का, छापील वकीलपत्रं आणि ई-फायलिंगमधली नोंद लगेच बदलून घ्या.