देवाच्या मनात असेल तर

आमच्या आजीने आयुष्यात एकही बेत नुसता सांगितला नाही. "आषाढीला पंढरपूरला जायचंय" म्हटलं की पाठोपाठ, "पांडुरंगाच्या मनात असेल तर." हे म्हणताना हात मात्र चालू असायचे. दशम्या फडक्यात बांधलेल्या, अमृतांजनची बाटली पिशवीच्या तळाशी, गाडीभाड्याचे पैसे कनवटीला. पांडुरंगाला नाही म्हणायला तिने जागाच ठेवलेली नसायची.

गल्लीतले टेलरचाचा खडूने कापडावर रेघ ओढत म्हणायचे, "मंगळवारी नेऊन जा, इन्शाल्ला." मंगळवारी कपडे इस्त्रीसकट तयार. 'उद्या हे करीन' असं बोलताना अल्लाची मर्जी जोडावी, हे कुराणाच्या १८व्या सुऱ्यातच आहे, २३ आणि २४व्या आयतीत. गीतेतही १८व्याच अध्यायात कर्माची पाच कारणं येतात आणि दैवाचा नंबर पाचवा लागतो. आधी जागा, करणारा, साधनं, खटपट, मग दैव. आजीने गीता वाचली नव्हती, पण क्रम तिला पाठ होता.

याउलट "लग्नाला येणार ना?" याला "बघू, देवाची इच्छा" असं उत्तर आलं, की शहाण्या यजमानाने ते पान कमी धरावं. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं जड जातं. ते काम देवावर ढकललं की कुणी दुखावत नाही. देवाची तक्रार कुठे करणार?

स्पॅनिश लोक 'असं होवो' या अर्थी 'ओहाला' म्हणतात. मूळ अरबी, 'अल्लाने इच्छिलं तर'. १४९२ साली ग्रानादा पडलं, स्पेनमधलं शेवटचं मुसलमानी राज्य गेलं. शब्द राहिला.

मी देवधर्मातला नाही. परवा ऑफिसातून आईला फोन केला, "शुक्रवारी सातला पोचतो. तिकीट कन्फर्म आहे." पलीकडे शांतता. मला वाटलं रेंज गेली.

"हॅलो?"

"असं ठासून बोलू नये रे."

शेजारच्या टेबलावर लोक बसलेले. मी तोंडावर हात धरून पुटपुटलो, "देवाच्या मनात असेल तर."

"हां. मग भाकरी टाकू की पोळ्या?"