थप्पी, बॅच आणि माझी कंबर

औषधांच्या गोडाऊनमध्ये नोकरी लागली तेव्हा घरी सगळ्यांना वाटलं मी मेडिकलच्या दुकानात लागले. अजूनही काकू फोन करून विचारते, "अगं डोकं दुखतंय, कुठली गोळी घेऊ?" आणि मी सांगते काकू मी गोळ्या देत नाही गं, पेट्या मोजते.

इंटरव्ह्यूला एक्सेल येतं का विचारलं होतं म्हणून मी व्हीलुकअप वगैरे सगळं घोकून गेले होते, आणि पहिल्या दिवशी हातात काय आलं तर एक कटर, एक जाड मार्कर आणि पॅड. कम्प्युटरला हात लावायला मिळाला तो तीन आठवड्यांनी. तेव्हा खूप राग आला होता, बीकॉम करून पेट्यांवर नंबर लिहायचे का असं वाटायचं, आता कळतंय की ज्याने माल हाताने हाताळला नाही त्याच्या एक्सेलला काही अर्थ नसतो.

तर आमचं गोडाऊन भिवंडीत. कल्याणवरून जायचं, मानकोलीकडे ट्रॅफिक लागलं की अर्धा जीव तिथेच जातो. पूर्वी मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून इकडे गोदामं उभी राहिली म्हणे, मग २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं कुठे गेली नाहीत, उलट अजून मोठी झाली.

पहिला धडा गाडी उतरवतानाचा. ड्रायव्हरला नेहमी घाई असते, दुसरी गाडी मागे हॉर्न मारत असते, आणि तो बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची मालाची पावती, पुढे करून म्हणतो "मॅडम, फक्त सही." मी पहिल्याच आठवड्यात अशी एक 'फक्त सही' केली आणि आत मोजलं तर एक पेटी शॉर्ट. क्लीन सही, म्हणजे काही शेरा न लिहिता नुसती सही, दिली की संपलं, मग ट्रान्सपोर्टवाल्याकडे क्लेम कशाच्या जोरावर मागणार? तेव्हापासून क्रम ठरलेला. आधी सीलचा नंबर कागदाशी जुळवायचा, मग दार उघडायचं, मग मोजायचं, आणि मोजताना पेटीचे कोपरे बघायचे, भिजलेत का, दबलेत का. काही असेल तर बिल्टीवरच लिहायचं, '२ पेटी भिजलेल्या', आणि त्याच्याखाली सही. फोटो पण काढायचा. ड्रायव्हर कुरकुरतो, कुरकुरू दे, आपण चहा पाजायचा.

माल उतरवायचं काम माथाडी करतात. आमच्याकडच्या टोळीतले सगळ्यात जुने तात्या, पाटणकडचे. माथाड्यांचा कायदा १९६९ चा, अण्णासाहेब पाटलांनी चळवळ केली आणि हमालांना बोर्ड मिळाला, पगार, रजा, पीएफ मिळाला, हे मला पुस्तकातून नाही तात्यांकडूनच कळलं, डब्यातली भाकरी खाता खाता.

मला वाटायचं ओझं उचलण्यात शिकायचं काय असतं? एक दिवस सिरपची पेटी खाली होती, मी नेहमीसारखी कमरेत वाकले, हात लांब करून पेटी ओढली आणि तसंच वळून शेल्फवर ठेवायला गेले. तात्या लांबून ओरडले, "आगं ए पोरी, ठेव खाली! तशीच ठेव!" मग जवळ येऊन त्यांनी ती पेटी स्वतः उचलून दाखवली. एक पाय थोडा पुढे, गुडघ्यात बसले, एक हात समोरच्या वरच्या कोपऱ्याला, दुसरा हात तिरक्या खालच्या कोपऱ्याला, पेटी पोटाशी घट्ट ओढली आणि मग पायावर उठले. आणि वळताना कंबर अजिबात वळली नाही, पावलं वळली. "लेकरू कसं घेतो आपण? लांब धरतो का?" एवढंच म्हणाले.

घरी येऊन मी नेटवर शोधलं. अमेरिकेत नायोश नावाची संस्था आहे, त्यांचं १९९१ चं सूत्र आहे ओझ्याचं, त्यात सगळं अगदी आदर्श असेल, म्हणजे ओझं अंगाशी, मूठ पक्की, वळायचं नाही, वारंवार उचलायचं नाही, तरी आकडा सुरू होतो २३ किलोपासून, आणि मग हात लांब गेला की कमी, वळलात की अजून कमी. आणि आपल्याकडे पन्नास किलोचं पोतं माणूस पाठीवर घेऊन फळीवरून चढतो. मी हे तात्यांना सांगितलं तर ते हसले नुसते. त्यांच्या कमरेला पट्टा आहे, शर्टाच्या आत, तो मला त्या दिवशी दिसला.

थप्पी लावणं हे तर वेगळंच शास्त्र आहे. मी घरात भांडी रचतात तशा पेट्या जिथे जागा मिळेल तिथे रचायचे. मग कळलं की पुठ्ठ्याच्या पेटीची ताकद तिच्या चार कोपऱ्यांत असते, मधे नाही. कोपऱ्यावर कोपरा बरोबर बसला तर वजन सरळ खाली उतरतं. विटांसारखा सांधा तोडून लावली तर थप्पी ढळत नाही खरी, पण वरच्या पेटीचा कोपरा खालच्या पेटीच्या मऊ भागावर येतो आणि ती दबते. म्हणून आम्ही खालचे थर सरळ लावतो, सगळ्यात वरचा एक आडवा बांधतो आणि स्ट्रेच रॅप मारतो. पॅलेटच्या, म्हणजे ज्या फळ्यांच्या चौकटीवर थप्पी उभी असते तिच्या, बाहेर पेटी एक इंच जरी आली तरी कोपरा हवेत, मग काय उपयोग. आणि पावसाळ्यात पुठ्ठा हवेतलं पाणी ओढतो, जी थप्पी मे महिन्यात ताठ उभी असते ती ऑगस्टमध्ये पोट काढून बसते, म्हणून जूननंतर आम्ही एक थर कमीच लावतो.

पेटीवरची चित्रं पण मी आयुष्यभर बघत आले आणि कधी वाचली नाहीत. दोन बाण वर, पेला म्हणजे नाजूक, छत्री म्हणजे भिजवू नका, आणि एकावर एक पेट्या काढून मधे आकडा असतो तो म्हणजे थर किती लावायचे त्याची मर्यादा. ही जगभर एकच असतात, आयएसओ ७८० म्हणतात त्याला. भाषा न येणाऱ्या माणसाला पण कळावं म्हणून केलेली चित्रं, आणि आपण त्याच पेटीवर बसून डबा खातो! (मी पण. एकदाच.)

हँड पॅलेट, म्हणजे पॅलेट उचलून ओढायची हातगाडी, तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, काटे पूर्ण आत घालायचे, माल उचलायचा तो जमिनीपासून जेमतेम सुटेल इतकाच, उतारावर कधीही मालाच्या खालच्या बाजूला उभं राहायचं नाही, आणि उभा करताना काटे खाली सोडायचे नाहीतर कोणीतरी अडखळतंच. सेफ्टी शूज जड असतात, पाय दुखतात, तरी घालायचे.

आता बॅच, म्हणजे एकाच खेपेत बनलेला माल. किराणा दुकानात जुना माल पुढे, नवा मागे, एवढं पुरतं. औषधांत तसं चालत नाही, कारण नंतर आलेल्या बॅचची एक्स्पायरी आधीची असू शकते. आमच्याकडे असं झालंय, मार्चमध्ये आलेल्या मालाची एक्स्पायरी पुढच्या वर्षीच्या जूनची आणि एप्रिलमध्ये आलेल्याची पुढच्या वर्षीच्याच फेब्रुवारीची. म्हणून आधी कोण आलं ते नाही, आधी कोण संपणार ते बघायचं, याला फेफो म्हणतात. म्हणून मार्करने पेटीच्या समोरच्या बाजूला एक्स्पायरी मोठ्ठी लिहायची, माझं पहिल्या दिवसाचं 'नंबर लिहायचं काम' हेच होतं, आणि मला ते फालतू वाटलं होतं.

आणि आता ती गोष्ट, जी मी लिहू का नको असा विचार करत होते.

इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं हे मला पाठ होतं. थर्माकोलच्या बॉक्समध्ये जेल पॅक घालून पाठवतात हेही माहीत होतं. मला वाटलं जितकं थंड तितकं चांगलं. एका दुपारी चाळीस व्हायल, म्हणजे इन्सुलिनच्या छोट्या बाटल्या, भरायच्या होत्या, मी डीप फ्रीझरमधून दगडासारखे जेल पॅक काढले आणि सरळ व्हायलच्या पेटीला चिकटवून ठेवले, वरून टेप मारला. खरं तर पॅक आधी बाहेर ठेवायचे असतात, त्यांना घाम फुटेपर्यंत, आणि पॅक आणि मालाच्या मधे पुठ्ठा टाकायचा असतो. गाडी उशिरा आली म्हणून बॉक्स डॉकवरच, म्हणजे गाडी लागते तिथेच, होता, मी सहज बॉक्समधल्या लॉगरचा, म्हणजे तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा, डिस्प्ले बघितला तर उणे १.२.

गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं, नंतर वितळून दिसायला अगदी आधीसारखं झालं तरी नाही. आणि तिथेच सगळी गंमत होती, दिसायला सगळं ठीकच होतं. मी पॅक बदलले असते, लॉगर रीस्टार्ट केला असता, तासाभरात आकडा ४ वर आला असता आणि कोणाला काही कळलं नसतं. पाच मिनिटं मी त्या बॉक्ससमोर नुसती उभी होते. मग डोळ्यासमोर आजी आली, सकाळी सकाळी पोटाला चिमटीत धरून सुई टोचून घेणारी, आणि मी सरांकडे गेले.

सर ओरडतील म्हणून मी तयारीत होते. त्यांनी फक्त विचारलं, "भरला किती वाजता? बॅच कुठली?" मग लाल टेप, 'होल्ड' चा स्टिकर, माल वेगळ्या कपाटात, कुलूप, आणि रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात माझीच चूक. चाळीस व्हायल डॅमेजला गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फ्रीझरच्या दारावर लावायला सूचना लिहायला सांगितली, मी लिहिली, 'पॅकला घाम फुटल्याशिवाय भरू नये.' सगळे हसतात त्या वाक्याला, पण पाळतात.

बाकी मग रोजचंच. माल हलवला की त्याच क्षणी लोकेशन लिहायचं, "नंतर लिहिते" म्हटलं की तो माल गेला समजा, आहे गोडाऊनमध्येच पण कुणाच्या बापाला सापडणार नाही. आणि मोजणीत जास्त निघालं म्हणून खूश व्हायचं नाही, इथे एक जास्त म्हणजे दुसरीकडे कुठेतरी एक चुकीची गेलीये.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे उद्या ऑडिट आहे, आणि डी रॅकमधली खोकल्याच्या औषधाची एक पेटी सिस्टिमला दिसतेय, मला दिसत नाहीये. सकाळी साडेसातची गाडी पकडायची आहे, तात्यांना फोन करून ठेवलाय, ते म्हणाले "ई मधी बघ, परवा पोरांनी थप्पी हालवली व्हती."